शहाबादी फरशीचा प्रदेश

शहाबादी फरशीचा प्रदेश : कर्नाटकाच्या कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) जिल्ह्यातील शहाबाद, चितापूर व सेडम या तालुक्यांत पसरलेला चुनखडकाचा सपाट मुलूख. भीमा आणि तिची उपनदी कागिणा या येथील मुख्य नद्या असून त्यांचा संगम शहाबादजवळ होतो. शहाबाद हे गाव कलबुर्गीच्या आग्नेयेस सुमारे २५ किमी. अंतरावर, सोलापूर–वाडी लोहमार्गावर आहे. येथून निघणाऱ्या फरशीने महाराष्ट्रातील वाडे, चाळी, शाळा, देवळे आणि स्वयंपाकघरे यांची जमीन घडवली. कन्नडबरोबरच दख्खनी उर्दू, तेलुगू व मराठी या भाषाही परिसरात ऐकू येतात. १९५६ पर्यंत हा भाग मराठवाड्याप्रमाणेच हैदराबाद राज्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला.

भूरचना : या भागातील खडक भूशास्त्रात ‘भीमा’ नावाच्या गटात मोडतात. कँब्रियन-पूर्व काळाच्या उत्तरार्धात, म्हणजे ५४ कोटी वर्षांहून आधी, येथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा अतिसूक्ष्म गाळ साचत गेला व त्याचा खडक बनला. कवचधारी प्राणी तेव्हा निर्माण झाले नव्हते. त्यामुळे इतर अनेक चुनखडकांत सापडणारे शंखशिंपल्यांचे अवशेष या दगडात नाहीत. थरांखाली ग्रॅनाइट व पट्टिताश्म आहेत. उत्तरेस आणि पश्चिमेस सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून चुनखडक त्याखाली झाकला गेला. त्यामुळे महाराष्ट्राच्या बाजूने येताना आधी काळा पाषाण लागतो आणि कलबुर्गी ओलांडल्यावर चुनखडक उघडा पडतो.

हे थर फारसे वाकलेले किंवा मोडलेले नाहीत. ते भाकरीच्या चवडीसारखे आडवे, एकावर एक रचलेले आहेत आणि दोन थरांमध्ये बहुधा चिकणमातीचा पातळ पापुद्रा असतो. या पापुद्र्याशीच दगड सुटतो. या प्रदेशातील स्तूप, किल्ला, घर आणि बाजार या सर्वांच्या मुळाशी खडकाचा हा एक गुण आहे. दगडाचा रंग करडा, निळसर काळा, पिवळट किंवा क्वचित गुलाबी-हिरवट असतो. हाच पट्टा पूर्वेस तेलंगणातील तांडूरपर्यंत जातो. काळा कडप्पा आणि राजस्थानचा कोटा हेही फरशीचेच चुनखडक, परंतु ते वेगळ्या खोऱ्यांतले आहेत.

खाणकाम : फरशीची खाण उघडी व बहुधा उथळ असते. वरची माती आणि निकामी दगड काढला की थराचा सपाट पृष्ठभाग दिसतो. खडकातील नैसर्गिक भेगा पाहून कामगार आखणी करतात, छिन्नी-हातोड्याने रेघ पाडतात आणि पहार घालून थर उचलतात. ठोकल्यावर अखंड फरशी खणखणीत वाजते. आत तडा असेल तर आवाज बद्द येतो. जाडी साधारण पाऊण ते दोन इंच असते. मोठ्या लाद्या जवळच्या कारखान्यांत यंत्राने कापून चौकोनी करतात आणि मागणीप्रमाणे घोटतात. खडबडीत, टाकी लावलेली, यंत्राने कापलेली व पॉलिश केलेली असे फरशीचे प्रकार बाजारात येतात.

हे काम अवजड आहे. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि उघड्या खाणीत सावली नसते. पावसाळ्यात खाणीत पाणी भरते व मजुरी थांबते. काढलेल्या दगडाचा मोठा भाग तुटका निघतो. त्याचे ढीग खाणींच्या कडेने साचलेले दिसतात. स्थानिक लोकांनी या तुकड्यांचाही उपयोग करून घेतला आहे. गावांतील भिंती, छपरे, अंगणे आणि शेताच्या बांधावर उभ्या रोवलेल्या लाद्यांची कुंपणे याच दगडाची आहेत.

इतिहासातील दगड : भीमेच्या काठी चितापूर तालुक्यातील कनगनहळ्ळी येथे १९९० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने बौद्ध महास्तूपाचे उत्खनन केले. स्तूपावरील शिल्पपट स्थानिक चुनखडकाचे आहेत. कण बारीक असल्याने या दगडात वस्त्रांच्या चुण्या आणि दागिन्यांचे बारकावेही नीट उतरले. एका पटावर सम्राट अशोक राणीसह दिसतो आणि ब्राह्मी लिपीत त्याचे नाव कोरलेले आहे. पैठणच्या सातवाहन राजांची नावेही येथील लेखांत येतात. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासासाठी हे स्थळ म्हणूनच मोलाचे आहे.

जवळच्या सन्नती येथील चंद्रलांबा ही महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता. त्या मंदिराच्या आवारातील कालीमंदिराचे छत १९८६ मध्ये कोसळले, तेव्हा मूर्तीच्या पीठाचा दगड हा अशोकाचा शिलालेख असल्याचे उघड झाले. कागिणेच्या काठचे मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात अमोघवर्षाने येथून राज्य केले. येथील किल्ल्याच्या तटबंदीतही परिसरातला हाच दगड दिसतो.

रेल्वे, बाजार आणि सिमेंट : मुंबईहून येणारा लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोचला आणि वाडीहून हैदराबादला जाणारा फाटा १८७४ मध्ये सुरू झाला. अवजड दगड दूरच्या शहरांत नेणे त्यामुळे परवडू लागले. ओटा, मोरी, जिना, ओसरी, रेल्वेचे फलाट आणि शाळांचे व्हरांडे येथे शहाबादी बसली. तळघरे व न्हाणीघरे यांच्या ‘बॉक्स वॉटरप्रूफिंग’मध्ये, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या फरशीच्या अस्तरात, गवंडी आजही खडबडीत शहाबादी वापरतात. ही फरशी उन्हाळ्यात गार राहते आणि वापराने गुळगुळीत होते. मात्र ती कॅल्शियम कार्बोनेटची असल्याने लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा सफाईचे ॲसिड सांडले की पांढरट डाग पडतो. तो आम्लाने दगड खाल्ल्याचा असतो. पुसून जात नाही, पुन्हा घोटूनच निघतो.

सिमेंटसाठीही हाच चुनखडक लागतो. शहाबादची सिमेंट कंपनी १९३६ मध्ये एसीसी या संयुक्त कंपनीत विलीन झाली. पुढे वाडी, सेडम आणि मळखेड परिसरात मोठे कारखाने उभे राहिले. खडक दळून भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजला जातो. तेथे थर अखंड निघतो की नाही याला महत्त्व नसते. फरशीच्या खाणीत कौशल्य माणसाच्या हातात असते, सिमेंटच्या खाणीत यंत्राची ताकद मोजली जाते. त्यातच सिरॅमिक व व्हिट्रिफाइड टाइल्सनी घरांतील जागा घेतल्याने फरशीची मागणी घटली.

शेती व पर्यावरण : खाणींच्या मधल्या जमिनीत तूर आणि ज्वारी ही प्रमुख पिके आहेत. ‘गुलबर्गा तूरडाळी’ला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या चवीचा संबंध चुन्याने समृद्ध अशा मातीशी जोडला जातो. खाण सुरू करताना हीच माती उकरून बाजूला टाकली जाते, आणि खाण संपल्यावर ती परत पसरली नाही तर ती जमीन शेतीला कायमची मुकते. सोडलेल्या खाणी बुजवणे किंवा त्यांचे सुरक्षित जलसाठे करणे, तुटक्या दगडाला बाजार मिळवून देणे आणि कामगारांना धूळ व अपघातांपासून संरक्षण देणे या येथील खऱ्या गरजा आहेत. दोन हजार वर्षे माणसाच्या उपयोगी पडलेला हा दगड केवळ भट्टीचा कच्चा माल म्हणून संपवणे हे या प्रदेशाचे नुकसान ठरेल.

प्रवास : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पाहणीस योग्य काळ आहे. सोलापूरहून रेल्वेने कलबुर्गी, शहाबाद किंवा वाडी गाठता येते. सन्नती व कनगनहळ्ळीसाठी नालवार हे स्थानक सोयीचे. चंद्रलांबेच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी कनगनहळ्ळीचा स्तूप चुकवू नये. चालू खाणीत परवानगीवाचून जाऊ नये, आणि सोडलेल्या खाणींच्या काठाला बहुधा कुंपण नसल्याने साचलेल्या पाण्यात उतरू नये.