परवान्यापासून प्रमाणापर्यंत

छत्तीसगडात, १९५५ सालच्या भारत-सोव्हिएत करारान्वये उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाले, तेव्हा या नव्या वसाहतीत बिऱ्हाड मांडणाऱ्या कामगाराला साधा रेडिओ घरी ठेवायचा तरी सरकारी परवाना काढावा लागे. पोस्टातून मिळणाऱ्या चिमुकल्या पुस्तिकेत शुल्काची तिकिटे चिकटवून त्यांवर टपालकचेरीचा शिक्का घ्यावयाचा. १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्याविना यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरविला होता. सरकारची चिंता महसुलाची आणि नियंत्रणाची होती. रेडिओ लहरी मनुष्यदेहावर काय परिणाम करतात, याचा विचार त्या कायद्यात कोठेही नव्हता.

वस्तुतः या लहरींचे दाहक सामर्थ्य आपल्याच देशात फार पूर्वी सिद्ध झाले होते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अदृश्य लहरींनी दूरवरची बंदुकीची दारू पेटवून दाखविली होती. भिलाईस लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरासारख्या खाणींत हा प्रयोगशाळेतला चमत्कार राहत नाही, कारण विद्युत् डिटोनेटरच्या दोन लांब तारा अँटेनाप्रमाणे लहरी पकडतात आणि जवळच प्रबळ प्रक्षेपक असला तर सुरुंग अवेळी उडण्याजोगा प्रवाह त्यांत उत्पन्न होऊ शकतो. म्हणून जाणता सुरुंगवाला स्फोटाच्या घटकेपर्यंत त्या तारांची टोके एकमेकींना पिळून ठेवतो आणि वॉकी-टॉकी दूर ठेवावयास लावतो. बिनतारी नियंत्रणावर चालणाऱ्या क्रेनचीही हीच कथा: प्रत्येक यंत्राला स्वतःचा संकेतांक असतो आणि संदेश तुटताच क्रेन थांबते, नाहीतर शेजारच्या यंत्राचा हुकूम मानून ती तप्त धातूची बादली भलतीकडे नेईल.

रेडिओचा परवाना गेल्या शतकाच्या नवव्या दशकात संपुष्टात आला. देहाचा विचार मात्र उशिरा आला. १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल मनोऱ्यांच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक-दशांशावर आणली गेली आणि हँडसेटमधून देहात शोषली जाणारी ऊर्जा एका ग्रॅम ऊतीमागे सरासरी १.६ वॅट प्रतिकिलोग्रॅम इतकीच असावी, असे फर्मावण्यात आले. माझ्या मते हा बदल त्या जुन्या शिक्क्यांहून शतपट मोलाचा आहे.

वाचकांना एवढीच विनंती: घरात कुणाच्या छातीत पेसमेकर असेल, तर या लहरींचा अडथळा येऊ नये म्हणून त्यांनी मोबाइल त्या बाजूच्या खिशात ठेवू नये, निदान पंधरा सेंटिमीटर अंतर राखावे.