इनामगावचे तांबे

कल्हईवाला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आता तो क्वचितच दिसतो. अंगणात खळगा करून तो कोळसे पेटवी, भाता जोडी, पितळेचे पातेले तापवी आणि नवसागराची पूड टाकून कथलाची कांडी आत टेकवी. कथील पाण्यासारखे पसरे. पातेले मात्र जसेच्या तसे. याचे कारण साधे आहे. कथील २३२ अंश सेंटिग्रेडला वितळते, पितळेला नऊशेच्या आसपास उष्णता लागते. ज्याची त्याची पायरी ठरलेली.

आता शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी चला. ही घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडला जाते. या काठावर इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यातली मोठी नावे. इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या सुमारास येथे शेतकरी नांदत होते. त्यांची घरे, धान्याच्या कणगी, कुंभाराची भट्टी सारे सापडले. दगडाची पाती तर ढिगाने मिळाली. तांबे मात्र थोडेच.

यावरून कोणी म्हणेल, लोक गरीब होते. ते काही अंशी खरेही असेल, कारण आपल्या काळ्या खडकात तांब्याच्या खाणी चालाव्यात असा साठा नाही. तांबे परमुलखातूनच यायचे. पण मला यात दुसरेही एक कारण दिसते, आणि ते वितळण्याच्या गुणात आहे.

तांब्याची पायरी १०८५ अंशांची. चुलीतल्या जाळाला ती गाठता येत नाही, मडकी भाजण्याची भट्टीही सहसा तिच्या खालीच राहते. लाकडी कोळसा हवा, त्यावर सतत फुंकर हवी आणि मधोमध मातीची मूस. बरे, १०८५ अंश झाले म्हणजे काम संपले असेही नाही! तिथे उष्णतामान थबकते. सगळा गोळा पातळ होईपर्यंत आत गेलेली उष्णता वितळण्यातच खर्च होते. बर्फाच्या बाबतीत हे जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६० च्या सुमारास दाखवून दिले. तांबे तिथवर तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ निम्मी ते पुन्हा नुसते वितळायला घेते. कारागिराला हे आकडे ठाऊक नव्हते; पण अर्ध्यात फुंकर थांबवली तर मुशीत काय होते, हे त्याच्या हाताला नक्की ठाऊक असणार.

ही संस्कृती ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते, त्या संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. अशी कुऱ्हाड झिजली, तुटली, तरी तिचे तांबे वाया जात नाही. पुन्हा मूस, पुन्हा साचा, की नवी वस्तू तयार. दगडाचे पाते तुटले की ते उकिरड्यावर जाते आणि तीन हजार वर्षांनी आपल्या हाती लागते. म्हणजे उत्खननात मिळालेले तांबे हे त्या लोकांजवळ होते तेवढे सगळे नव्हे. हरवलेले, पुरलेले, मागे राहिलेले तेवढेच. शिक्षकांनी मुलांना इनामगाव सांगताना हा हिशेब जरूर सांगावा. शिरूर-दौंडच्या बाजारात आजीची घागर मोडीत घालताना दुकानदार नक्षी पाहत नाही, वजन पाहतो, हे मुलांनी पाहिलेलेच असते.