नर्मदेवरील सोनेरी पूल

भडोच व अंकलेश्वर यांच्यामध्ये नर्मदेचे पात्र विस्तीर्ण आहे. तळ वाळूचा, समुद्र जवळ असल्याने भरती-ओहोटी नित्याची, आणि पावसाळ्यात वरून येणारा पुराचा लोंढा. अशा ठिकाणी पूल उभारणे म्हणजे वाळूवर घर बांधणेच होय.

1860 च्या फेब्रुवारीत सुरतेजवळील उत्राणहून अंकलेश्वरपर्यंत आगगाडी धावू लागली. पुढल्या वर्षाच्या आरंभी तिने बडोदा गाठले. त्याकरिता नर्मदेच्या वाळूत मळसूत्री लोखंडी खांब फिरवून रोवले गेले व त्यांवर आखूड गाळे टेकविण्यात आले. काम झटपट झाले. परंतु पुराचे पाणी खांबांच्या बुडाची वाळू उकरून नेई. दुरुस्तीचा फेरा संपेना. 1876 सालच्या पुराने तर पुलाची फारच मोठी हानी केली.

तेव्हा नव्या पुलाचा निश्चय झाला. सर जॉन हॉकशॉ या नामांकित इंग्रज स्थापत्यतज्ज्ञाने त्याचा आराखडा केला. 1877 मध्ये कामास प्रारंभ झाला. जाड लोखंडी नळ्यांचे जोडस्तंभ नदीच्या तळात खोल उतरविण्यात आले व त्यांवर कैच्यांचे लांब गाळे चढविले गेले. खांब थोडे असले की प्रवाहास अडथळा थोडा, हे त्यातील मर्म. 16 मे 1881 रोजी सुमारे 1,400 मीटर लांबीचा हा पूल खुला झाला. खर्च पंचेचाळीस लाखांहून अधिक! इतक्या पैशांत सोन्याचाच पूल झाला असता, असे लोक म्हणू लागले, आणि लोखंडाचा तो पूल 'सोनेरी पूल' ठरला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याचा कारभार हाती घेतला. मुंबईहून आगगाडीने बडोद्यास जाणाऱ्या मराठी माणसाची वाट पुढे अर्धशतकाहून अधिक काळ याच पुलावरून होती. 1935 मध्ये रेल्वेने शेजारी नवा पूल बांधला. जुना पूल पुढे मोटारींच्या व पादचाऱ्यांच्या सेवेस लागला. 2021 च्या जुलैत नर्मदा मैया पूल सुरू झाल्यावर वाहनांचे ओझेही त्याच्यावरून उतरले.

मात्र त्याचे काम सरलेले नाही. 1970 व 2023 सालचे महापूर त्याने पाहिले व सोसले. भडोचला नर्मदेची पातळी याच पुलापाशी मोजतात. पाणी चोवीस फुटांवर गेले की धोका समजावा. ज्या नदीने पहिला पूल मोडला, तिचेच माप आज दुसरा पूल देत आहे. पहिल्या पुलात जे वाचविले, ते दुरुस्तीत गेले. दुसऱ्यात जे पायाखाली पुरले, ते पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडले. म्हणून ज्या पैशांची लोकांनी थट्टा केली, तेच खरे सोने ठरले.