दातवण, मिस्सी आणि 'साफ रंग' : पेडणे-डिचोलीतील स्त्रियांवरील सौंदर्याच्या सक्तीचा मागोवा

गोव्यातील स्त्रियांच्या पेहरावावर आणि प्रसाधनावर लेखी स्वरूपात झालेल्या सक्तीचा विषय निघाला की १४ एप्रिल १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याचा उल्लेख हटकून होतो. अ. का. प्रियोळकर यांच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे तो आपल्या अभ्यासकांना परिचयाचा झाला. धर्मांतरित एतद्देशीय ख्रिस्ती पुरुषांनी पुडवे नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, लग्नात वधूवरांना हळद लावू नये, अशी त्यातील काही कलमे आहेत. हळद हा धार्मिक विधीचा भाग खराच, पण नवरीची कांती उजळावी म्हणून केलेला तो साजही आहे. म्हणजे येथे श्रद्धेबरोबर शृंगारावरही बंदी आली.

हा जाहीरनामा निघाला तेव्हा पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हते. ते सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. बार्देस आणि पेडणे यांच्यामध्ये शापोरा नदी वाहते. कोलवाळच्या काठावर चोळी घालणे हा गुन्हा ठरत होता आणि पलीकडच्या काठावर चोळीशिवाय बाई उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. पुढे डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेले. तोपर्यंत धोरण बदलले होते. नव्या काबिजादीतील रयतेच्या धर्माला व चालीरीतींना हात लावायचा नाही असे ठरले, आणि १८५३ साली या महालांतील ख्रिस्तेतर लोकांच्या रूढींची संहिताही निघाली. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. त्यामुळे पेडणे-डिचोलीच्या बाईने काय ल्यावे, काय लेऊ नये हे सांगणारे सरकारी फर्मान तिच्या वाट्याला आले नाही.

यावरून ती मोकळी होती असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाचे मत नेमके उलट आहे. लिहिलेले फर्मान रद्द करता येते, त्याची तारीख सांगता येते. या दोन महालांत सौंदर्याची जी सक्ती झाली ती सासूच्या, आत्याच्या, शेजारणीच्या तोंडून झाली, आणि तिचे कागद कोणत्याही दफ्तरात सापडत नाहीत. ती सापडते भाषेत.

यातील सर्वांत बोलका शब्द दातवण. आज कोणा विद्यार्थ्याला तो विचारला तर दात घासायची पूड असे उत्तर येते. पण जुन्या मराठीत दातवण म्हणजे दात काळे करण्याचे द्रव्य. उर्दूत त्यालाच मिस्सी म्हणतात. माजूफळ किंवा हिरडा, हिराकस, मोरचूद अशा वस्तूंची ही पूड. त्यातील तुरट द्रव्य आणि लोहक्षार एकत्र आले की काळा रंग धरतो. लिहिण्याची जुनी काळी शाई याच रीतीने होत असे. ज्या मुलींच्या हाती दौत कधी दिली गेली नाही, त्यांच्या दातांवर मात्र शाई चढत होती. सवाष्णीचे दात काळेभोर असणे हे सौभाग्याचे लक्षण, आणि विधवेला दातवण वर्ज्य. मुसलमान घरांत मिस्सी हा सुहागाच्या सामानातला भाग होता. लखनौपासून दख्खनपर्यंतच्या उर्दू कवितेत मिस्सी लावलेल्या दातांचे आणि त्यावर पानाने रंगलेल्या ओठांचे वर्णन शेकडो ठिकाणी आले आहे. पांढरे दात त्या काळी कुमारिकेचे किंवा विधवेचे. लग्न झालेल्या बाईने पांढरे दात दाखवत फिरणे हे अपशकुनाचे आणि थोडे निर्लज्जपणाचेही.

मग दोन-तीन पिढ्यांत चक्र उलटे फिरले. बाजारात पांढरी दंतमंजने आली, शाळा आल्या, छायाचित्रे आली. ज्या काळ्या दातांशिवाय सून घरात शोभत नव्हती, तेच दात घाण ठरले. जपानमध्येही असेच झाले. तेथे १८७० मध्ये सरदार घराण्यांना दात काळे करण्याची मनाई झाली आणि १८७३ मध्ये सम्राज्ञी स्वतः पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. आपल्याकडे कोणी सम्राज्ञी नव्हती. शब्दच गुपचूप अर्थ बदलून बसला. एका आयुष्यात काय झाले असेल याची कल्पना करावी : सासू झालेली बाई तोंडावर पदर धरून हसू लागली, कारण तिच्या सासूने जे तिला करायला लावले होते त्याचीच आता तिच्या सुनेला किळस वाटत होती.

गोंदणाची गोष्ट याहून वेगळी नाही, फक्त ती एका समाजापुरती आहे. इस्लाममध्ये गोंदण निषिद्ध असल्याने मुसलमान घरांत ते रुजले नाही, परंतु बहुजन हिंदू घरांतील आज्यांच्या हातांवर आणि कपाळावर ते अजून दिसते. न गोंदलेल्या बाईच्या हातचे पाणी न पिण्यापर्यंत एके काळी मजल होती. आता नातीला आजीचे कपाळ मागासलेपणाची खूण वाटते, आणि तीच नात हरमलच्या किनाऱ्यावर पाहिलेले इंग्रजी अक्षरांचे गोंदण मनगटावर हौसेने करून घेते.

विधवेबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर मराठीत पुष्कळ लेखन झाले आहे. सुंदर दिसण्याची सक्ती आणि कुरूप दिसण्याची सक्ती या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू होत. उच्चवर्णीय विधवांचे केशवपन हे त्याचे टोक. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केस न कापण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवावा, ही घटना मला सुधारकांच्या अनेक व्याख्यानांपेक्षा मोठी वाटते.

विसाव्या शतकात सत्ता घरातून बाजाराकडे सरकली. १९१९ साली मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी अफगाण स्नो हे क्रीम बाजारात आणले. एका मुसलमान उद्योजकाने विलायती मालासमोर उभा केलेला हा देशी माल, आणि त्याबद्दल आपल्या मंडळींनी अभिमान बाळगावा यात गैर काही नाही. पण नावातच बर्फ आहे, हेही विसरता येत नाही. १९४१ मध्ये लीला चिटणीस या लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. धारवाडात जन्मलेली मराठी नटी, तोवर परदेशी नट्यांसाठी राखीव असलेल्या जागेवर. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आले. २०२० साली त्याच्या नावातून 'फेअर' शब्द वगळला गेला, परंतु तोवर पंचेचाळीस वर्षांचे काम झाले होते. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत पेडणे-डिचोलीच्या खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि मुली वाचू लागल्या, ही आपल्या प्रदेशाची मोठीच मिळकत. त्यांनी वाचलेल्या मजकुरात मासिकांच्या मलपृष्ठावरच्या जाहिरातीही होत्या.

आता रंगाच्या शब्दांकडे वळू. मराठी वधूवर-सूचक मजकुरात गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी अशी उतरंड असते. काळी हा शब्द छापला जात नाही, जणू काळी मुलगी जन्मालाच येत नाही. उर्दू बोलणाऱ्या घरांत यापेक्षा सभ्य वाटणारी आणि म्हणूनच जास्त बोचणारी भाषा आहे. मुलगी पाहून आलेल्या बायका म्हणतात, 'रंग साफ है'. नापसंत असेल तर, 'रंग ज़रा दबा हुआ है'. गोरेपणाला 'साफ' म्हटले की सावळेपणाला काय म्हणायचे ते वेगळे सांगावे लागत नाही. मुलगी रोज पाच वेळा वुजू करते, तरी तिचा रंग साफ नाही!

ही भाषा आपल्या परंपरेत पहिल्यापासून अशीच होती असे मात्र नाही. गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह (कारकीर्द १५८० ते १६१२) याने दखनी उर्दूत आपल्या प्रियांवर कविता लिहिल्या. त्यांत एकीचे नाव गोरी आहे आणि एकीचे सांवली. दोघींना वेगवेगळी आणि सारखीच प्रेमाची जागा आहे. मराठीत तर सावळा हा शब्द पंढरपूरच्या विठोबामुळे भक्तीच्या कौतुकाचा झाला. देव सावळा चालतो, सून सावळी चालत नाही, ही विसंगती डिचोलीच्या बाजारात आषाढीचे हार विकणारी बाईदेखील सांगू शकेल. आपल्याकडे अखेरच्या हजच्या खुत्ब्यात गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही असे सांगितले गेले, आणि निकाहासाठी संपत्ती, घराणे, रूप यांपेक्षा दीन पाहा अशी हदीस आहे. ती आपण मुलांना पाठ करायला लावतो. नंतर त्यांची आई मुलगी पाहायला जाते.

पडदा असलेल्या घरात रूपाचा जाच कमी असावा, असा एक समज आहे. डिचोली, साखळी, वाळपई भागातील मुसलमान स्त्रियांच्या आधीच्या पिढ्या बहुतेक साडी नेसत आणि डोक्यावर पदर घेत. अलीकडच्या दशकांत आखाती देशांतील नोकऱ्या, बाहेरून आलेली पुस्तके व उपदेशक यांच्या प्रभावाने बुरखा आणि हिजाब वाढला. काही मुलींसाठी ती श्रद्धेने केलेली निवड आहे आणि त्यांच्या निवडीचा आदर झाला पाहिजे. काहींसाठी ती मोहल्ल्याची अपेक्षा आहे. दोन्ही प्रकारच्या मुलींना लग्नाच्या वेळी मात्र सारखेच पाहिले जाते. बुरखा दारात उतरतो आणि आतल्या खोलीत बायकाच बायकांचा रंग, उंची, केस, दात पाहतात. मौलाना अशरफ अली थानवी यांच्या बहिश्ती ज़ेवर या ग्रंथात मुलीला खऱ्या दागिन्यांविषयी सांगणारी एक कविता आहे. हा ग्रंथ कितीतरी घरांत मुलीला लग्नात भेट दिला जातो, बहुधा सोन्याच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी.

कायद्याने काही साधते का, हाही प्रश्न आहे. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला. विवाहित स्त्रीला सामाईक मालमत्तेत निम्म्या वाट्याचा हक्क तो देतो, आणि मुसलमानांनाही तोच लागू आहे. भारतातील इतर ठिकाणच्या बहिणींना जे मागावे लागते त्यातले बरेचसे येथील स्त्रीला कागदावर दीडशे वर्षांपासून आहे. पण हा कायदा लग्न लागल्यावर सुरू होतो. लग्न जुळण्यापूर्वी बैठकीच्या खोलीत जी पारख होते, तेथे त्याचे कलम पोहोचत नाही.

१९६६ मध्ये मूळ गोमंतकीय कुटुंबातील, मुंबईत वाढलेल्या रीटा फारिया जगत्सुंदरी झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आशियाई स्त्री. त्यांनी पुढे प्रसाधनांच्या जाहिराती आणि चित्रपट सोडून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि डॉक्टर म्हणून आयुष्य काढले. गोव्यात त्यांचा उल्लेख होतो तो मुकुटासाठी. पदवीसाठी फारसा होत नाही.

पेडणे तालुक्यात तर या विषयाचे जिवंत प्रदर्शन रोज भरते. हरमल, मांद्रे, मोरजी येथील किनाऱ्यांवर युरोपातील स्त्रिया कातडी रापावी म्हणून तासन्‌तास उन्हात पडून असतात. त्यांच्या देशांतही एके काळी गोरेपणाच कुलीन मानला जाई, कारण शेतात राबणारी बाई रापलेली असे. १९२० च्या दशकापासून कामगार स्त्री कारखान्यात बंद झाली आणि उन्हात सुट्टी घालवणे हे श्रीमंतीचे लक्षण ठरले, तशी रापलेली कातडी सुंदर झाली. त्याच किनाऱ्यावर त्यांना शहाळी विकणारी पेडण्याची मुलगी ओढणीने तोंड झाकून घेते. घरी गेल्यावर ती औषधाच्या दुकानातून आणलेले मलम लावते.

हे मलम साधे नसते. बीटामेथासोनसारखे स्टिरॉइड असलेली मलमे गोरेपणासाठी सर्रास वापरली गेली. त्याने आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, चेहऱ्यावर लव आणि पुरळ येते, आणि मलम सोडले तर आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ प्रकारची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. काही बेनामी क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत जातो. दातवणातील मोरचूद विष होते, हे आपण आजीच्या अज्ञानाचे उदाहरण म्हणून सांगतो. नातीच्या पर्समध्ये काय आहे ते मात्र विचारत नाही.

शिक्षक म्हणून यात आपला हिस्सा किती, हे लिहिल्याशिवाय लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या समारंभात पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्यासाठी चार मुली निवडण्याचे काम माझ्याकडे होते. मी निवडल्या. यादी पाहून एका सहकारी बाईंनी हळूच विचारले, 'सर, चारही गोऱ्याच कशा हो?' मी म्हटले, ज्या पुढे बसल्या होत्या त्यांना घेतले. ते खरेही होते. मग लक्षात आले की ज्या मुलीने उर्दू आणि मराठी दोन्ही निबंधस्पर्धांत बक्षिसे मिळवली होती, ती नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर होती. तिला मी फलकावर सुवाच्य अक्षरात स्वागताचा मजकूर लिहायला सांगितले होते. तिने तो फार सुंदर लिहिला. नंतरच्या दोन वर्षांतही प्रत्येक समारंभात तिने फलकच लिहिला, आणि तिला मंचावर बोलवावे असे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही.