लिमिटेशन : मुदत सरल्यावर काय उरते?

‘लिमिटेशन गेलं’ असे वकिलाने सांगितले की पक्षकाराला वाटते, आपला हक्कच बुडाला. ही समजूत निम्मीच खरी आहे. म्हणून मुदत अधिनियम 1963 नेमका कशाला आवर घालतो, हे नीट पाहायला हवे.

हा कायदा 1 जानेवारी 1964 पासून लागू आहे. मुदतीनंतर आलेला दावा न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे, प्रतिवादीने हरकत घेतलेली नसली तरीही, असे त्याचे कलम 3 सांगते. पण फेटाळला जातो तो दावा; येणे नाहीसे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये बॉम्बे डाइंगच्या प्रकरणात हेच तत्त्व मांडले : दाद मागण्याचा मार्ग बंद होतो, ऋण कायम राहते. करार कायद्यातही याचा पुरावा सापडतो. एकाच माणसाची अनेक कर्जे असतील आणि पैसे कोणत्या कर्जापोटी दिले हे त्याने सूचित केले नसेल, तर धनको ती रक्कम मुदतबाह्य कर्जात जमा धरू शकतो (कलम 60). मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी, सही केलेले वचनही बंधनकारक ठरते (कलम 25).

स्थावराचा नियम वेगळा आणि कठोर. मालकीच्या आधारे ताबा मागायला 12 वर्षे मिळतात. ती उलटली की मुदत अधिनियमाच्या कलम 27 नुसार मालकाचा हक्कही संपतो. मात्र ही वर्षे दुसऱ्याचा ताबा मालकाच्या हक्काविरुद्ध सुरू झाल्यापासून मोजायची. केवळ भाडेकरू म्हणून कितीही वर्षे राहिले तरी कोणी मालक होत नाही, कारण तो ताबा मालकाच्या संमतीचा असतो.

सर्वांत जास्त घोटाळा हातउसन्या पैशांत होतो. त्यांची मुदत तीन वर्षे. ‘मागशील तेव्हा देईन’ असे ठरले असले, तरी ती पैसे दिल्याच्या तारखेपासूनच सुरू होते. मागितल्यावर परत करायच्या ठेवीला मात्र मागणीच्या तारखेपासून तीन वर्षे मिळतात. उसनवारी बहुतेक नात्यागोत्यात होते, मागायला भीड वाटते आणि वर्षे निघून जातात. भिडेची ही किंमत मला फार जड वाटते, आणि ती टाळण्याचा उपाय कायद्यातच आहे, म्हणून त्याची माहिती घरोघरी हवी.

तो उपाय म्हणजे कलम 18. मुदत संपण्याआधी ऋणकोने देणे लेखी कबूल करून सही केली, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. कबुलीत रक्कम नसली तरी चालते. ‘देणे आहे, पण देणार नाही’ असे लिहिले तरीही ती कबुलीच ठरते. तोंडी कबुलीचा येथे उपयोग नाही. मुदतीच्या आत काही रक्कम फेडली गेली तरी मुदत नव्याने सुरू होते, पण त्या भरण्याची नोंद ऋणकोच्या हस्ताक्षरात किंवा सहीची हवी (कलम 19).

मुदत हुकली तर उशीर माफ होईल, अशी आशा धरू नका : कलम 5 ची विलंबमाफी अपिलांसाठी आणि अर्जांसाठी आहे, मूळ दाव्यासाठी नाही. तेव्हा घरातल्या चिठ्ठ्या आजच काढून त्यांच्या तारखा पाहा, आणि तीन वर्षे भरत आली असतील तर लेखी कबुली मागायला संकोचू नका.