तंजावरचा धन्वंतरी महाल

तमिळनाडूत कुंभकोणम् शहराच्या जवळ मरुदानल्लूर नावाचे एक लहानसे गाव आहे. तमिळ भाषेत ‘मरुद’ म्हणजे आपला अर्जुनसादडा आणि ‘नल्लूर’ म्हणजे चांगले गाव. अर्जुनसादड्याची साल हृदयविकारावर देण्याची आयुर्वेदाची परंपरा जुनी आहे. ज्या गावाच्या नावातच एक औषधी वृक्ष ऐकू येतो, त्या गावापासून औषधांच्या इतिहासाकडे वळणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

मरुदानल्लूरची कीर्ती मात्र औषधासाठी नाही. ती भजनासाठी आहे. येथील सद्गुरू स्वामींनी दक्षिणेतील नामसंकीर्तनाची पद्धत बांधून दिली. आजही कावेरीकाठच्या भजनमंडळींत तमिळ, तेलुगू आणि संस्कृत पदांच्या बरोबरीने मराठी अभंग म्हटले जातात. ज्यांच्या घरात मराठीचा एक शब्दही बोलला जात नाही, त्यांच्या मुखी विठ्ठलाचे नाव मराठीतून यावे, हे पाहून मुलखाकडून गेलेला मराठी माणूस क्षणभर थबकतो. या चमत्काराचे कारण शोधू लागले की वाट तंजावरच्या भोसले दरबारात जाऊन पोहोचते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास हे राज्य हाती घेतले आणि १८५५ पर्यंत ते त्यांच्या वंशात राहिले. सद्गुरू स्वामींच्या काळी त्या गादीवर सरफोजीराजे दुसरे होते. एकाच काळी, एकाच मुलखात, एका बाजूला भजनाचा संप्रदाय आकार घेत होता आणि दुसऱ्या बाजूला तंजावरच्या राजवाड्यात रोग, औषधे आणि यंत्रे यांचा अभ्यास चालू होता. या दुसऱ्या उद्योगाची हकीकत आज मला सांगावयाची आहे.

सरफोजींचा जन्म १७७७ सालचा. तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी, म्हणजे १७८७ मध्ये, तुळजाजी निवर्तले. गादी अमरसिंगांकडे गेली. पोरक्या राजपुत्राचा सांभाळ आणि शिक्षण यांत ख्रिस्ती मिशनरी श्वार्त्झ यांनी लक्ष घातले. मद्रासेस राहून या मुलाने इंग्रजी भाषा आत्मसात केली आणि युरोपातील नव्या शास्त्रांची गोडी लावून घेतली. १७९८ मध्ये त्यांना गादी मिळाली खरी. परंतु पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांच्या हाती उरला तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लक्ष पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. फौज नाही, लढाई नाही, न्यायनिवाडा नाही. अशा स्थितीत सापडलेले अनेक संस्थानिक पुढे नाचगाण्यात आणि शिकारीत कसे बुडाले, हे आपण जाणतो. सरफोजींनाही शिकारीचा शौक होता. परंतु उरलेला पैसा आणि उरलेला वेळ यांचा मोठा भाग त्यांनी विद्येवर खर्च केला. राज्य गेलेल्या राजाने ज्ञानाचा प्रांत हाती घेतला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

या प्रांताचे एक ठाणे म्हणजे धन्वंतरी महाल. येथे आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी या तिन्ही पद्धतींचे वैद्य-हकीम आणि युरोपीय वैद्यक जाणणारे डॉक्टर एकत्र काम करीत. माणसांसाठी तशीच जनावरांसाठी औषधे तयार होत. रोग्यांवर उपचार होत आणि त्यांची टिपणे ठेवली जात. औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली जात, म्हणजे नावात घोटाळा झाला तरी पानाफुलांवरून वनस्पती ओळखता यावी. ही दक्षता क्षुल्लक नव्हे. एकाच झाडाला तमिळात एक, संस्कृतात दुसरे, फारसीत तिसरे आणि मराठीत चौथे नाव असावयाचे. आणि चार वैद्य एका खोलीत बसले की पहिला वाद रोगावर न होता नावावर व्हावयाचा. चित्राने तो वाद मिटत असे.

या महालातून निघालेले औषधयोग तमिळ पद्यांत ग्रथित झाले. त्यांना ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ्’ असे नाव आहे. शरभेंद्र म्हणजे सरफोजी, आणि ‘वैद्य मुरैगळ्’ म्हणजे वैद्यकाच्या रीती. या मालिकेत नेत्ररोग, गर्भिणीचे आणि बालकांचे विकार, मधुमेह, खोकला-दमा असे रोगवार भाग आहेत. राजा मराठी, दरबारचे दप्तर मोडी, आणि औषधाचा ग्रंथ मात्र तमिळ! यामागचे धोरण उघड आहे. ज्या रयतेला औषध घ्यावयाचे आणि ज्या गावच्या वैद्याला ते द्यावयाचे, त्यांची भाषा तमिळ होती. ग्रंथ पद्यात असल्यामुळे तो पाठ करणेही सोपे होते.

आता आपण असा प्रश्न विचाराल की, याला संशोधन म्हणावे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भावनेच्या भरात देऊ नये. त्या काळात युरोपातही औषधशास्त्र बाल्यावस्थेतच होते. लाव्हाझियेने नव्या रसायनशास्त्राचा पाया घातला आणि १७९४ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे काढले गेले ते १८२० मध्ये. पॅरिसच्या डॉक्टर लुई यांनी रोग्यांची गणना करून रक्तमोक्षणाचा गुण किती, हे आकड्यांनी तपासले ते १८३५ च्या सुमारास. तोवर सरफोजी निवर्तून तीन वर्षे झाली होती. तंजावरच्या वैद्यांनी सालीतून किंवा मुळीतून शुद्ध द्रव्य वेगळे काढले नाही. त्यांची कसोटी अनुभवाची होती. औषध दिलेला रोगी आणि न दिलेला रोगी शेजारी शेजारी ठेवून तुलना करणे, ही आजच्या संशोधनाची शिस्त त्या ग्रंथांत शोधू गेल्यास निराशा होईल. परंतु निरनिराळ्या पद्धतींच्या जाणकारांना एका छपराखाली आणणे, वनस्पती नेमकी ठरविणे आणि रोग्याचे टिपण ठेवणे या तीन गोष्टी कोणत्याही संशोधनाच्या आरंभी लागतात, आणि त्या तिन्ही तेथे होत्या.

टिपणांचे महत्त्व नेत्रचिकित्सेच्या कागदांवरून विशेष ध्यानी येते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात डोळ्यांच्या शस्त्रक्रियांची इंग्रजीतील टिपणे आहेत. रोग्याची हकीकत, डोळ्याची अवस्था आणि सोबत डोळ्याची रेखाटने असे त्यांचे स्वरूप आहे. २००३ मध्ये चेन्नईतील नेत्रतज्ज्ञांचे या कागदांकडे लक्ष वेधले गेले आणि त्यांचा वैद्यकीय दृष्टीने अभ्यास सुरू झाला. या शस्त्रक्रिया स्वतः सरफोजींनी केल्या, अशी समजूत आहे. राजे जातील तेथे शस्त्रांची पेटी बरोबर नेत, असेही सांगतात. राजाने रयतेच्या डोळ्यांतला मोतीबिंदू स्वहस्ते काढावा, ही कल्पना मनाला मोह घालणारी आहे. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. शस्त्र राजाच्या हाती होते की त्याच्या पदरच्या डॉक्टरच्या, यावर त्या कागदांची खरी किंमत अवलंबून नाही. डोळा पाहिला, त्याचे चित्र काढले, काय केले ते लिहिले आणि तो कागद जपून ठेवला, यात त्यांची किंमत आहे. आपल्याकडे कसबी शस्त्रवैद्यांची वाण कधी नव्हती. सुश्रुताचा वारसा सांगणारे मोतीबिंदू उतरविणारे लोक गावोगाव हिंडत असत. वाण होती ती केलेले लिहून ठेवण्याची. गुण आला तर वैद्याचा हात, न आला तर रोग्याचे प्रारब्ध, असा हिशेब जेथे चाले, तेथे हे कागद एक निराळी वृत्ती दाखवितात.

राजांची जिज्ञासा वैद्यकापुरती नव्हती. १८०५ मध्ये त्यांनी ‘नवविद्याकलानिधी’ नावाचा देवनागरी छापखाना काढला आणि तेथून इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडले. जगाचा भूगोल लोकांना कळावा म्हणून त्यांनी ‘देवेंद्र कोरवंजी’ हे मराठी नाटक रचले. त्यात भविष्य सांगणाऱ्या कोरवंजीच्या तोंडून देशोदेशींची माहिती येते. नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर त्यांनी ‘मनोरा’ नावाची षट्कोनी, अनेक मजली इमारत उठविली. जहाजांना ती दीपगृहासारखी उपयोगी पडे. मार्च १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हा हा हिंदी राजा फुर्क्रुआ, लाव्हाझिये, लिनीयस आणि ब्युफाँ यांचे दाखले सहज देतो, हे पाहून ते चकित झाले आणि तसे त्यांनी लिहून ठेवले.

ही विद्या राजवाड्यातच कोंडून राहिली होती, असेही नाही. यात्रेकरूंसाठी भोसले घराण्याने जी छत्रे बांधली होती, त्यांचे वर्णन राजांनी १८०१ मध्ये रेसिडेंटला पाठविलेल्या पत्रात आहे. तेथे अन्नदानाबरोबर वेदपाठक, पंतोजी आणि वैद्य नेमलेले असत. आजारी पांथस्थाला औषधपाणी मिळे, आणि वाटेत प्रसूत होणाऱ्या स्त्रीची नीट व्यवस्था होई. छत्रांचे उत्पन्न काढून घेऊ नये, ही त्या पत्रातील कळकळीची विनंती होती. वंशपरंपरेचा मान नव्हे, तर वाटसरूंची सोय राखण्यासाठी हा राजा कंपनीपुढे शब्द टाकीत होता.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्रसंतानावाचून निवर्तले आणि राज्य खालसा झाले. राजवाड्याच्या दौलतीवर कंपनीने हात ठेवला. राणी कामाक्षीबाईसाहेबांचा दावा १८५९ मध्ये विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि तेथे फेटाळला गेला. धन्वंतरी महालाचे कार्य मागे पडले. ग्रंथ मात्र बचावले. बर्नेल या विद्वान इंग्रज अधिकाऱ्याने संस्कृत हस्तलिखितांची यादी करून ती १८८० मध्ये पूर्ण केली आणि १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले.

येथे मला पुन्हा मरुदानल्लूरची आठवण होते. भजनाची पद्धत आणि धन्वंतरी महाल ही एकाच काळाची दोन कार्ये. पहिले आजही जिवंत आहे. दुसऱ्याचे कागद उरले. असे का व्हावे? भजनाला शिष्य मिळाले. गुरूकडून शिष्याकडे, शिष्याकडून गावाकडे असे ते जात राहिले आणि राज्य बुडाले तेव्हा त्याला धक्का बसला नाही. धन्वंतरी महालाचा भार एका राजाच्या तिजोरीवर आणि एका राजाच्या आवडीवर होता. तिजोरी गेली, आवड असणारा गेला, आणि तेथील वैद्यांनी जे पाहिले होते ते पुढे तपासणारा, चुकले असेल तेथे दुरुस्त करणारा वर्ग निर्माण झाला नाही. ज्ञान केवळ जपून भागत नाही. पुढच्या पिढीने ते कसोटीला लावावे लागते.

तंजावरच्या दप्तरातील मोडी कागदांचे ढीग आजही वाचणाऱ्यांची वाट पाहत आहेत. मराठी आणि मोडी जाणणाऱ्यांचे ते ऋण आहे. आणि ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ्’ मधील औषधे आजच्या प्रयोगशाळेत तपासणे, हे रसायनशास्त्रज्ञांचे. त्यातील काही योग खरे ठरतील, काही निरुपयोगी ठरतील. निरुपयोगी ठरले म्हणून त्या वैद्यांचा अपमान होत नाही. रोग्याचा कागद जपून ठेवणाऱ्या माणसाला त्याची तपासणी व्हावी, अशीच इच्छा असली पाहिजे.