चढणीचे इंजिन आणि उतरणीचे इंजिन

मोटारीला ट्रेलर जोडून डोंगर चढायचा आहे. किती अश्वशक्तीचे इंजिन निवडावे? वर्गात करता येईल असे हे गणित आहे. मोटार व ट्रेलर मिळून ५००० किलो, दर १०० मीटरला ७ मीटर चढ आणि वेग ताशी ६० किलोमीटर धरू. केवळ हे वजन वर नेण्यासाठीच सुमारे ७७ अश्वशक्ती लागते. चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध यांसाठी आणखी वीसेक धरली, तरी १२० अश्वशक्तीचे इंजिन पुरेल असे वाटते.

पण हा आकडा समुद्रसपाटीवरचा आहे. इंजिन दर फेऱ्याला ठरावीक आकारमानाची हवा ओढते आणि उंचावर हवा विरळ असते. ऑक्सिजन कमी, म्हणून इंधनही कमी जळते. अमेरिकेतील कोलोरॅडोत मोठे रस्तेही ३४०० मीटरपर्यंत चढतात. तेथे आपल्या इंजिनाची जेमतेम ८५ अश्वशक्ती उरेल!

ही अडचण आधी विमानांना भेडसावली. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने ३५० अश्वशक्तीचे 'लिबर्टी' विमान-इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतीलच पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंच शिखरावर नेले. तेथे ते २३० अश्वशक्तीच देऊ शकले. मग इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरणारा आणि हवा दाबून आत भरणारा टर्बोचार्जर जोडला. शक्ती ३५६ झाली! २३० ला ३५० ने भागून पाहा. तेथील हवेची घनताही समुद्रसपाटीच्या जवळजवळ तेवढ्याच पट असते.

चढ संपला की उतार येतो, आणि तेथे टर्बोचार्जरने वाढवलेली शक्ती कामाची नाही. पेट्रोल इंजिनात पाय काढताच हवेची झडप मिटते, इंजिनाला हवा ओढणे जड जाते आणि गाडीला आळा बसतो. साध्या डिझेल इंजिनात अशी झडप नसते. त्यात दाबलेली हवा स्प्रिंगसारखी दट्ट्याला परत ढकलते. सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. १९३१ साली क्लेसी कमिन्स डिझेल ट्रक घेऊन कॅलिफोर्नियातील कॅहोन खिंड उतरत होते. तापलेले ब्रेक निकामी झाले आणि पुढे रस्ता ओलांडणारी रेल्वेगाडी! टक्कर थोडक्यात टळली. हवा पुरती दाबली गेली की बाहेर जाण्याची झडप उघडायची, म्हणजे स्प्रिंग उलटणार नाही, ही त्यांची युक्ती १९६१ पासून ट्रकांवर बसू लागली.

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबा आणि सोडा. तो उसळून परत येईल. पुन्हा दाबा, पण सोडण्याआधी बोट काढा. तो जागीच राहील. डोंगरासाठी इंजिन निवडताना म्हणूनच आपण दोन प्रश्न विचारायचे: वर जाताना ते पुरेशी हवा घेईल का? आणि खाली येताना गाडीला धरून ठेवील का?